निनावी पत्र आणि माहितीपटाचा चेहरा

१

मराठीत ‘निनावी’ हे विशेषण बहुधा ‘पत्र’ या नामाच्या सोबतीनेच वावरते, आणि या जोडीला प्रतिष्ठा नाही. जुळत आलेले लग्न मोडणारे, कचेरीतल्या सहकाऱ्यावर किटाळ आणणारे, शेजारणीच्या चारित्र्याविषयी कुजबुजणारे पत्र निनावी असते. जो नाव लिहीत नाही त्याच्यापाशी धैर्य नाही, आणि ज्याच्यापाशी धैर्य नाही त्याच्या बोलण्याला किंमत नाही, असे एक व्यावहारिक अनुमान या शब्दप्रयोगात मुरलेले आहे. महाजालाच्या प्रसाराबरोबर हे अनुमान अधिकच घट्ट झाले. खोट्या नावाआडून शिवीगाळ करणारा, धमकावणारा, फसवणारा माणूस हेच निनावीपणाचे प्रातिनिधिक रूप मानले जाऊ लागले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) या मराठी चित्रपटातील गायकही आपल्या गाण्याखाली अनोळखी माणसांनी लिहिलेले अभिप्राय वाचतो आणि आतून दुखावतो. वर्षानुवर्षांच्या साधनेवर एक बिनचेहऱ्याचे वाक्य मात करते, हा अनुभव आता कोणत्याही कलावंताला अपरिचित राहिलेला नाही.

तथापि, ही एकच बाजू झाली. त्याच जागेत अनेकांनी आपल्या आयुष्यातले पहिले खरे वाक्य लिहिले आहे, हेही तितकेच सत्य आहे. घरात ज्याचा उच्चार होऊ शकत नाही ते प्रेम, ज्याला नाव देता येत नाही ते दुःख, ज्याची वाच्यता केल्यास नोकरी किंवा नाते गमवावे लागेल ते मत, हे सारे एखाद्या अनोळखी माणसापाशी बोलता येते. कारण तो अनोळखी असतो. परिचित माणूस आपल्याला ऐकण्याआधीच ओळखून टाकतो, अपरिचिताला मात्र ऐकूनच आपली ओळख करून घ्यावी लागते. निनावीपणातून जन्मणाऱ्या जवळिकीचे मर्म येथे आहे.

ही जवळीक माहितीपटात कशी आणावयाची, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. माहितीपटाची विश्वासार्हता परंपरेने तीन गोष्टींवर उभी असते : चेहरा, आवाज आणि पडद्याच्या तळाशी उमटणारे नाव. निनावी माणूस या तिन्ही गोष्टी नाकारतो. चेहरा दाखवावा तर ज्या अटीवर तो बोलला ती अटच मोडते. न दाखवावा तर प्रेक्षकाने कशावर विश्वास ठेवावयाचा? जयपूरच्या अजमेर रस्त्यावरील सोडाल्यात असो की पुण्याच्या सदाशिव पेठेत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आज चित्रपट करण्यासाठी हातातला फोनही पुरतो, आणि त्याच्या पिढीच्या भावजीवनाचा मोठा भाग त्याच फोनमध्ये घडत असल्याने हा विषय त्याला सर्वांत जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. साधन आणि विषय एकच असल्याची ही स्थिती सोयीची वाटली तरी फसवी आहे. कारण फोनने चित्रण करता येते ते दिसणाऱ्या गोष्टींचे, आणि येथे विषय आहे तो न दिसण्याचा.

२

हा प्रश्न नव्या यंत्रांनी निर्माण केला, असे समजणे चूक ठरेल. मराठी गद्याच्या आधुनिक पर्वाच्या उंबरठ्यावरच टोपणनावाने लिहिलेली पत्रे उभी आहेत. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘शतपत्रे’ म्हणून मान्यता पावली, त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीत होते आणि ज्या समाजावर ते कोरडे ओढीत होते त्याच समाजात राहत होते. टोपणनावाने त्यांना आडोसा दिला, हे उघड आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या नावाने वाचकाशी एक नवे नाते जोडले. ‘देशमुख’ बोलले असते तर ते एका घराण्यातून, एका जातीतून, एका हुद्द्यावरून बोलले असते. ‘लोकहितवादी’ बोलले ते केवळ एका भूमिकेतून. नाव वजा केल्यावर जे उरले त्याच्याशी वाचकाला वाद घालावा लागला.

याहून तीव्र उदाहरण १८८५ चे आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी सहीने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयीची पत्रे छापून आली. ती रखमाबाईंची होती. नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास नकार दिल्यामुळे त्या स्वतः त्याच सुमारास मुंबईच्या न्यायालयात प्रतिवादी म्हणून उभ्या होत्या. न्यायालयात त्यांचे नाव साऱ्या शहराच्या तोंडी होते. वृत्तपत्रात मात्र त्यांनी नाव बाजूस ठेवले. एकाच स्त्रीने एकाच काळात वागविलेली ही दोन रूपे विचार करावयास लावणारी आहेत. जेथे नाव तिच्यावर लादले गेले तेथे ती खटल्याचा विषय झाली; जेथे तिने नाव स्वेच्छेने बाजूस ठेवले तेथे ती बोलणारी झाली, आणि ‘एक’ या अनिश्चित विशेषणामुळे तिचे बोलणे असंख्य स्त्रियांचे झाले.

१९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा उठलेले वादळ मराठीच्या अभ्यासकाला ठाऊकच आहे. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीची घुसमट त्या कथांनी मांडली होती. पण चर्चेचा मोठा भाग या घुसमटीविषयी नव्हता; विभावरी कोण, ती खरोखर स्त्री आहे की पुरुष, याविषयी होता. लेखिका बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, हे यथावकाश कळले, आणि आज त्या कथा वाचताना त्या शोधमोहिमेचे नवल वाटते. समाजाला जे ऐकावयाचे नसते त्याच्या बाबतीत तो आधी बोलणाऱ्याचा पत्ता विचारतो. हा नियम १९३३ साली जितका लागू होता तितकाच आजही आहे.

या तीन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. निनावीपण म्हणजे ओळखीचा अभाव नव्हे, ती ओळखीची एक निराळी रीत आहे. बोलणारा येथे आपली सामाजिक खूण काढून ठेवतो आणि केवळ आपल्या वाक्यांच्या बळावर ओळखला जाऊ इच्छितो. साहित्याला हे सहज साधते, कारण साहित्याचे माध्यमच मुळी वाक्य आहे. चित्रपटाचे माध्यम दृश्य आहे, आणि त्याची अडचण येथूनच सुरू होते.

३

या अडचणीला भारतीय माहितीपटाने फार लवकर हात घातला होता. मुंबईच्या पारोमिता व्होरा यांचा ‘अनलिमिटेड गर्ल्स’ हा माहितीपट २००२ चा आहे. त्या वेळी महाजाल म्हणजे मुख्यतः घरातल्या टेलिफोनच्या तारेवरून किंवा सायबर कॅफेत ताशी दराने विकत घ्यावयाची गोष्ट होती. चित्रपटाचा विषय स्त्रीवाद. पण स्त्रीवादाकडे जाण्याची वाट दिग्दर्शिकेने निवडली ती गप्पांच्या एका आभासी खोलीतून. निवेदिका तेथे ‘फिअरलेस’, म्हणजे ‘निर्भय’, हे नाव धारण करून शिरते आणि तिच्यासारख्याच गमतीदार नावांच्या अनोळखी बायकांशी बोलू लागते. तेथून ती बाहेरच्या जगात जाते, चळवळीतील ज्येष्ठ स्त्रियांना आणि तरुण मुलींना भेटते, आणि पुन्हा त्या खोलीत परतते.

ही रचना वरवर पाहता केवळ चतुर वाटते. पण तिच्यामुळे एक मूलगामी गोष्ट साधली आहे. स्त्रीवादाविषयीच्या माहितीपटात सामान्यतः ज्यांना उत्तरे ठाऊक आहेत त्या बोलतात. येथे ज्यांना प्रश्न पडले आहेत त्यांना बोलावयास जागा मिळाली. ‘मी स्त्रीवादी आहे का?’, ‘तसे म्हणवून घेतले तर माझ्यावर कोणी प्रेम करील का?’ अशा तऱ्हेचे प्रश्न नाव लावून विचारावयाचे म्हटले तर ओशाळे वाटते. टोपणनावाच्या आडून ते हसतखेळत विचारता येतात. ‘निर्भय’ हे नाव घेणारी निवेदिका वस्तुतः निर्भय नाही, ती तशी होऊ पाहते आहे. टोपणनाव म्हणजे केवळ मुखवटा नसून ती एक आकांक्षाही असते, हे या एका नावातून सूचित होते. लोकहितवादींच्या नावातही हेच नव्हते काय?

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. २००२ सालच्या त्या खोलीत प्रवेश करण्यासाठी संगणक, इंग्रजी आणि मोकळा वेळ, या तिन्ही गोष्टी लागत. नाव काढून ठेवले तरी बोलण्याची ढब, विनोदाची जात, शब्दांची निवड यांतून वर्ग प्रकट होत राहतो. निनावीपणाने आडनाव पुसले जाते. भाषा पुसली जात नाही. प्रस्तुत माहितीपट या वस्तुस्थितीची दखल घेतो, पण ती त्याच्या रचनेचे केंद्र होत नाही. स्त्रियांच्या चळवळीत नाव घेण्याचा व न घेण्याचा इतिहास किती गुंतागुंतीचा आहे, याचा विचार केला असता तर ही खोली अधिक प्रशस्त झाली असती. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, त्यातील आरोपींना निर्दोष ठरविणारा १९७८ चा आणि पुढील वर्षी गाजलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि त्यातून उसळलेले आंदोलन यांमुळे बलात्काराचा कायदा बदलला. पण तो खटला त्या मुलीच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरविणारे कलम १९८३ मध्ये, म्हणजे तिचे नाव सर्वतोमुखी झाल्यानंतर आले. कायद्याने निनावीपणाला अधिकाराचे रूप दिले ते जिच्यामुळे, तिच्या वाट्याला मात्र तो अधिकार आला नाही. तिचे नाव येथे लिहिलेले नाही ते याच कारणाने.

व्होरा यांचाच ‘मोरालिटी टीव्ही और लविंग जिहाद’ (२००७) हा माहितीपट ‘अनलिमिटेड गर्ल्स’च्या शेजारी ठेवून पाहावा. मेरठच्या एका उद्यानात बसलेल्या तरुण जोडप्यांना २००५ च्या अखेरीस पोलिसांनी वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर मारहाण केली, त्या घटनेपासून तो सुरू होतो. गावात एकांत नाही म्हणून उद्यानातल्या गर्दीचा आडोसा शोधणाऱ्या मुलामुलींचा चेहरा कॅमेऱ्याने हिसकावून घेतला. एका चित्रपटात निनावीपणामुळे बोलणे शक्य होते, दुसऱ्यात ते हिरावले गेल्यामुळे आयुष्य उघड्यावर पडते. दोहोंचा एकत्र विचार केला म्हणजे कॅमेरा हे तटस्थ साधन नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

४

पायल कपाडिया यांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ (२०२१) हा या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट. पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेतील विद्यार्थिजीवनातून तो उगवला. कान महोत्सवातील ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात तो दाखविला गेला, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम माहितीपटासाठीचा ‘सुवर्णनेत्र’ पुरस्कार त्याला मिळाला. संस्थेच्या अध्यक्षपदावरील नियुक्तीच्या विरोधात १२ जून २०१५ रोजी सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्यरात्री पोलीस संस्थेच्या आवारात शिरले आणि काही विद्यार्थ्यांना अटक झाली. कपाडिया स्वतः या संपात होत्या. चित्रपटाच्या पार्श्वभूमीवर हा संप आहे, रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरची आंदोलने आहेत, दिल्लीतील विद्यापीठांतील २०१६ ते २०१९ या काळातील घटना आहेत.

पण या साऱ्याला जोडणारा धागा आहे तो पत्रांचा. वसतिगृहात सापडलेली काही पत्रे. ती लिहिणारी मुलगी फक्त ‘एल’ या आद्याक्षराने ओळखली जाते. तिचा प्रियकर ‘के’ दुरावला आहे. जातीबाहेरचे हे प्रेम त्याच्या घरच्यांना मान्य नाही. पत्रे बहुधा उत्तरावाचूनच राहतात. भूमिसुता दास यांच्या हलक्या, जवळजवळ कानात बोलल्यासारख्या आवाजात ती आपल्याला ऐकू येतात, आणि पडद्यावर मात्र ‘एल’ कधीच दिसत नाही. दिसतात ती नाचणारी, झोपलेली, घोषणा देणारी, वाट पाहणारी मुले; रणबीर दास यांचे खरबरीत पोताचे, बहुतांशी कृष्णधवल छायांकन; मित्रांच्या फोनमधली हलती चित्रे; कोणाच्या घरातली जुनी कौटुंबिक चित्रफीत; आणि भिंतीवरच्या निगराणी कॅमेऱ्याने टिपलेली, आवाज नसलेली दृश्ये.

ही पत्रे रचलेली आहेत. कपाडिया आणि त्यांचे सहलेखक हिमांशू प्रजापती यांनी ती लिहिली आहेत. माहितीपटाच्या कर्मठ व्याख्येला हे मानवणार नाही. ज्या चित्रपटात निगराणी कॅमेऱ्याची अस्सल दृश्ये आहेत त्यात कल्पित पत्रे मिसळल्याने पुराव्याचे मोल उणावत नाही काय, असा आक्षेप घेता येईल. आक्षेप गंभीर आहे, पण मला तो येथे लागू पडत नाही असे वाटते. एकतर, पत्रे आणि दृश्ये यांचे नाते येथे स्पष्टीकरणाचे नाही. ‘एल’ जे सांगते ते आपण पाहत नाही, आणि जे पाहतो ते ती सांगत नाही. या फटीतच प्रेक्षकाचे मन काम करू लागते. दुसरे असे की, ‘एल’ ही कोणा एका मुलीची नक्कल नसून अनेकींना मावेल अशी एक जागा आहे. ज्या काळात आंदोलनातल्या विद्यार्थ्याचा चेहरा छायाचित्रातून ओळखून त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकत होता, त्या काळात मित्रांच्या खासगी दुःखाला वाचा फोडण्याचा हा जबाबदार मार्ग होता. रखमाबाईंच्या सहीतील ‘एक’ आणि या चित्रपटातील ‘एल’ यांचे कूळ एकच आहे.

या चित्रपटातील निगराणी कॅमेऱ्याच्या दृश्यांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरणारे पोलीस आणि अभ्यासाच्या मेजांखाली दडणारी मुले, हे दृश्य वरच्या कोपऱ्यातून दिसते. त्या यंत्राच्या दृष्टीने सगळेच निनावी आहेत. पण त्या निनावीपणात आस्था नाही. ते पाहते, ओळखत नाही. त्याच चित्रपटात ‘एल’चा आवाज आहे, जिला आपण पाहत नाही आणि तरी ओळखतो. निनावीपणाच्या या दोन प्रकारांना समोरासमोर आणणे, एक सत्तेच्या नजरेतले आणि दुसरे प्रेमाच्या आवाजातले, हे या चित्रपटाचे खरे यश आहे. महाजालावरील जीवन वस्तुतः याच दोन प्रकारांच्या ताणात चालते. वापरणारा आपले नाव लपवून मनातले बोलतो, आणि त्याच वेळी ज्या यंत्रणेवर तो बोलतो ती त्याची प्रत्येक हालचाल नोंदवीत असते. तो माणसांना अनोळखी असतो, यंत्राला नव्हे. शिवाय संपर्काची ही तारही त्याच्या हाती नाही. २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी जयपूरसह राजस्थानातील अनेक जिल्ह्यांत मोबाइलवरील इंटरनेट काही तास बंद ठेवण्यात आले. अशा वेळी कोणाचे कोणते संभाषण अर्धवट तुटले, याची नोंद कोठेच होत नाही. ती नोंद करू शकेल तो माहितीपटच.

५

निनावीपणाची ही बाजू मांडीत असता मराठी साहित्यानेच उभा केलेला एक प्रतिवाद टाळून चालणार नाही. नाव काढून ठेवणे ही ज्याच्यापाशी प्रतिष्ठित नाव आहे त्याची चैन आहे. ज्याचे नावच पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, हिणवले गेले, त्याला ते ठासून उच्चारावयाचे असते. दलित आत्मकथनांची सारी ऊर्जा या उच्चारात आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये निवेदनाची रचना दुपेडी आहे : दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. प्रतिष्ठित समाजात मान्यता पावलेल्या लेखकाला मागे टाकून आलेल्या नावाने गाठले आहे. येथे जुने नाव लपविण्यात नव्हे, ते पुन्हा धारण करण्यात धैर्य आहे. त्याच १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि ते प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. एका नावासाठी माणसे मेली. अशा समाजात ‘नावात काय आहे’ असे म्हणणे हा अजाणपणाच ठरेल.

या दृष्टीने ‘एल’च्या पत्रांकडे पाहिले तर एक अस्वस्थता उरते. जातीमुळे तुटलेल्या प्रेमाची व्यथा जर रचलेल्या, आद्याक्षराच्या आवाजात येत असेल, तर ती व्यथा कोणाची, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला राहतो की नाही? चित्रपट जात सांगतो, पण जातीचा तपशील अस्पष्ट ठेवतो. अनेकींना सामावून घेणारी जागा काही वेळा विशिष्ट दुःखाची धार बोथट करते. मला वाटते, चित्रपटाचे हे खरोखरीचे उणेपण आहे, आणि त्याच्या सौंदर्यामुळे ते झाकले जाऊ नये.

याला तोड दाखविणारे एक काम आपल्याकडे झाले आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणजे मराठीतील निनावी वाङ्मयाचा सर्वांत मोठा साठा. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, जात्यापाशी बसलेल्या बायकांनी सासर, माहेर, भाऊ, भूक, मार, सीता, सारे काही ओवीत घातले. ऐकणारी होती ती समोर खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, मनातले निर्भयपणे बोलण्याची ती एक बंद खोलीच होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि तसे करताना गाणारणीचे व गावाचे नाव नोंदवून ठेवले. ओवी सर्वांची राहिली, पण गाणारीण निनावी राहिली नाही. यातून जो विवेक दिसतो तो लक्षात घेण्याजोगा आहे : निनावीपण हा रचनेचा गुण असू शकतो, पण तो संग्राहकाच्या आळसाचा परिणाम असता कामा नये. ज्या बाईला नाव हवे आहे तिला ते द्यावे. जिला नको आहे तिचे राखावे. आणि हे तिला विचारून ठरवावे.

६

आता चेहऱ्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. बोलणाऱ्याची ओळख लपविण्याच्या रूढ रीती सर्वांच्या परिचयाच्या आहेत : पाठमोरी आकृती, धूसर केलेला चेहरा, यंत्राने बदललेला घोगरा आवाज. वृत्तवाहिन्यांनी या रीती इतक्या वापरल्या की त्यांना गुन्हेगारीचा वास चिकटला आहे. धूसर चेहऱ्याचा माणूस पाहताच प्रेक्षकाच्या मनात संशय जागा होतो. म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे त्याचीच प्रतिमा हे तंत्र मलिन करते.

जगातील काही अलीकडच्या माहितीपटांनी यातून वाटा काढल्या आहेत. डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) मध्ये जिवाच्या भीतीने देश सोडणाऱ्या समलिंगी व्यक्तींच्या चेहऱ्यांवर संगणकाच्या साहाय्याने स्वयंसेवकांचे चेहरे चढविले आहेत. भाव मूळ माणसाचे, कातडी परक्याची. त्यांतील एक जण उघडपणे तक्रार करावयाचे ठरवितो तेव्हा तो उसना चेहरा पडद्यावर विरघळतो आणि खरा चेहरा प्रकट होतो. हे प्रकटीकरण त्याच्या निर्णयातून आलेले असल्यानेच ते हेलावून टाकते. याच्या नेमके उलट उदाहरण ‘कॅटफिश’ (२०१०) चे. महाजालावर ओळख झालेली तरुणी खरी नसून मिशिगनमधील एका मध्यमवयीन विवाहित स्त्रीने ती कल्पिली आहे, हे कॅमेरा तिच्या दारात जाऊन उघड करतो. तिच्या एकाकीपणाविषयी चित्रपट शेवटी सहानुभूती दाखवितो खरा. पण तोवर त्याचा सारा वेग पारध्याचा असतो. लबाडी पकडण्यातले समाधान आणि माणूस समजून घेण्यातले समाधान ही एक नव्हेत, हा धडा त्यापासून घ्यावा.

बेंजामिन री यांचा ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ (२०२४) या दोहोंहून वेगळा आहे. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य विकाराने ग्रस्त असलेला मॅट्स स्टीन हा नॉर्वेतील तरुण २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. आपला मुलगा मैत्री, प्रेम यांना मुकला, या दुःखात आईवडील असताना त्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून देशोदेशींच्या अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. संगणकावरील एका खेळात ‘इबेलिन’ या नावाने तो वर्षानुवर्षे त्यांच्यामध्ये वावरला होता, त्यांची दुःखे ऐकत होता. त्या संभाषणांच्या साठलेल्या लिखित नोंदींवरून दिग्दर्शकाने ते आयुष्य सचेतनपटाच्या रूपात पुन्हा उभे केले आहे. चाकाच्या खुर्चीतला देह हा त्याचा खरा चेहरा, की खेळातला धावणारा इबेलिन? चित्रपट उत्तर देत नाही. दोघांनाही तितक्याच आदराने वागवितो. आईवडिलांना मुलाची ओळख परक्यांकडून व्हावी, यातील करुणा कोणत्याही भाषेतल्या वाचकाला कळेल.

७

या विवेचनातून विद्यार्थ्यांच्या माहितीपटाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. विद्यार्थ्यापाशी साधने थोडी असतात. उसने चेहरे चढविण्याचा किंवा आयुष्य सचेतन करण्याचा खर्च त्याला पेलणारा नाही. पण कपाडिया यांच्या चित्रपटाने दाखवून दिले की, आवाज, पत्र, रिकामी खोली आणि मित्रांनी दिलेली फुटकळ दृश्ये एवढ्यावरही हे काम होऊ शकते. किंबहुना दारिद्र्य हे येथे शैलीचे कारण होते. न दाखविण्याची सक्ती ही ऐकविण्याची संधी ठरते.

दुसरी गोष्ट नीतीची आहे. ज्याँ रूश आणि एदगार मोराँ यांनी ‘क्रॉनिक द्यून एते’ (१९६१) या माहितीपटासाठी पॅरिसच्या रस्त्यांवर अनोळखी माणसांना ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे विचारले, आणि शेवटी त्यात प्रमुख भाग घेणाऱ्यांना बोलावून चित्रपट दाखविला, त्यांचे वादही चित्रपटात समाविष्ट केले. निनावी माणसांवर चित्रपट करणाऱ्याने ही प्रथा अनिवार्य मानावी. ज्याने नाव न सांगण्याच्या अटीवर मन उघडे केले त्याला, जग पाहण्याआधी, आपले ते मन पडद्यावर कसे दिसते हे पाहण्याचा हक्क आहे. संमती ही एकदा सही करून संपणारी गोष्ट नव्हे. चित्रपट संपेतो ती चालू असते. आपल्या समाजात याचे महत्त्व सांगावयास नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, एकीने लिहिलेल्या आणि दुसरीने पसंती दर्शविलेल्या काही ओळींसाठी अटक झाली होती. ज्या कलमाखाली असे गुन्हे नोंदविले जात ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे खरे. पण स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिण्याची किंमत काय असू शकते, हे त्या दोघींना आणि त्यांच्यामागून आलेल्या पिढीला कळून चुकले.

तिसरी गोष्ट समीक्षकाविषयीची. निनावी आवाज समोर आला की ‘हा कोण?’ असे विचारण्याची सवय आपल्या समीक्षेलाही आहे. विभावरींच्या वेळी तिने हेच केले. या प्रश्नाचा सर्वस्वी त्याग करावा असे नाही, कारण जेथे जात आणि सत्ता यांचा संबंध येतो तेथे ‘कोण बोलते आहे’ हा प्रश्न न्यायाचाच प्रश्न असतो. मात्र त्याआधी ‘हा काय म्हणतो आहे?’ आणि ‘हा कोणाला उद्देशून म्हणतो आहे?’ हे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पत्राला लेखकाचे नाव नसले तरी ते कोणाला तरी उद्देशून असते. ‘एल’ची पत्रे ‘के’पर्यंत पोहोचली असोत वा नसोत, ती प्रेक्षकापर्यंत पोहोचतात, जात्यावरची ओवी भावाला उद्देशून असते आणि समोरच्या बाईला ऐकू येते. निनावी माणसाशी जोडले जाणारे नाते हे असे वळणाने येते. त्याचा पत्ता हुडकून काढण्यापेक्षा, त्याचे पत्र आपल्या दारात आले आहे हे ओळखून ते उघडणे, एवढेच माहितीपटाचे आणि त्याच्या प्रेक्षकाचेही काम आहे.